आईच्या फोटोतली मूठ

आईने मला न विचारता हो म्हणून टाकलं, याचा राग मला आधी आला. कशाला हो म्हटलं, ते नंतर कळलं आणि मग तर डोकंच फिरलं.

संध्याकाळी सुप्याहून कंपनीच्या बसने घरी आलो, तर आई सोफ्यावर फोन मांडीत घेऊन बसली होती आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती. नगरमधल्या एका हौशी नाट्यसंस्थेने जिल्ह्यातल्या जुन्या कलाकारांचा सत्कार ठरवला होता. आईने चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या टीव्हीवर तेरा भागांच्या एका मालिकेत काम केलेलं. राज्य स्पर्धेच्या नाटकात तिची घोडेगावची बोली ऐकून मुंबईच्या लोकांनी तिला उचललं होतं. त्या मालिकेतले आता दोघंच हयात आहेत, आई आणि तिच्या नवऱ्याचं काम केलेला माणूस. दोघांना एकाच मंचावर शेजारी शेजारी बसवणार होते, पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी.

"तो पण येणार?" मी विचारलं.

"तो काय? ते म्हण. त्यांच्याशिवाय कसा व्हायचा कार्यक्रम?"

मी बूट काढले, ते जरा जोरातच आपटले गेले. आईने वर बघितलं आणि फोन बाजूला ठेवला. शोकेसमधला फोटो तिच्या डोक्यामागेच होता. तो मी रोज बघायचो आणि रोज माझं रक्त थोडं तापायचं.

फोटो कृष्णधवल आहे, वहीच्या पानाएवढा, चकचकीत कागदाचा. शूटिंग संपलं की, मालिका टीव्हीवर लागण्याआधी, वर्तमानपत्रांना पाठवायला असे फोटो काढत. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आणि टाइप केलेली चिठ्ठी चिकटवलेली. पेपरवाल्यांनी छापताना नुसते चेहरे कापून घेतले होते, त्यामुळे छापील फोटोत सगळं कसं छान दिसतं. पण आमच्याकडचा फोटो अख्खा आहे. आई लाकडी खुर्चीत बसलीय, काठाचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिच्यामागे तो, फेटा बांधलेला, मिशीवाला. चेहरे दोघांचे हसरे. आता खाली या. त्याचा हात आईच्या डाव्या खांद्यावर आहे असं वाटतं, पण खांद्यावर पडलेली सावली नीट पाहिली की कळतं, हात टेकलेला नाही, बोटभर वर अधांतरी आहे. आईचा उजवा हात मांडीवर, मूठ घट्ट मिटलेली, इतकी की बोटांची पेरं पांढरी पडलीत. डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतलेला, अंगठा जमिनीत रुतवलेला. आणि डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, चौकटीच्या बाहेर, डावीकडे.

मी सुप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पंचवीस वर्षं ट्यूबलाइटखाली बसून सुटे भाग बघतोय. हातात घेतला की चरा कुठे आहे ते दिसतं, भाग नापास, लाल पेटीत. माणसांकडेही मी तसंच बघतो, हे बायकोचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. ही नजर मात्र कारखान्याने दिलेली नाही, आजोबांनी दिली. आईचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. सुट्टीत मी गेलो की शुक्रवारी मला बरोबर घेऊन जायचे. "तोंड बघू नको रं," म्हणायचे, "तोंडाला सवय असती. पाय बघ." बैलाची खुरं, उभं राहण्याची ढब, कोणत्या पायावर भार टाकतो, कान कुठे वळवतो, सगळं ते मला दाखवायचे. आणि जनावर बघायच्या आधी विकणाऱ्याला आग्रहाने चहाला पाठवायचे. "जा, च्या पिऊन या, तवर आमी बघतो." मला वाटायचं, आपले आजोबा किती दिलदार.

तर ही नजर घेऊन मी गेली काही वर्षं मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये आहे. तिथे लोक जुन्या मालिकांचे असे प्रसिद्धीचे फोटो टाकतात आणि मी ते वाचून दाखवतो. या दोघी हातात हात घालून उभ्या आहेत, पण कोपर बघा, बोलत नसणार. हा दिग्दर्शक मधे उभा आहे, पण सगळ्यांची पावलं दुसऱ्याच माणसाकडे वळलीत, खरा साहेब तो. लोक वाहवा करतात. एकाने मला "देहबोलीचे डॉक्टर" म्हटलं, ते मी बायकोला वाचून दाखवलं होतं. आईचा फोटो मात्र मी तिथे कधी टाकला नाही. त्याचं निदान मी केव्हाच करून ठेवलं होतं.

त्या मालिकेनंतर आईने काम सोडलं. मुंबईचंच नाही, नगरच्या नाटकांतलंसुद्धा. का, ते घरात कधी बोललं गेलं नाही. बाबा असेपर्यंत हा फोटो कपाटात साड्यांच्या खाली असायचा. सहा वर्षांपूर्वी ते गेले, त्यानंतर आईने तो शोकेसमध्ये लावला. बाबा कोर्टात कारकून होते, शांत माणूस. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. त्यांनाही तो माणूस डोळ्यांसमोर नको असणार, असा मी हिशेब लावला. मिटलेली मूठ, ओढलेला पाय, वाट शोधणारे डोळे आणि चोरासारखा अधांतरी हात. एवढं दिसत असताना आणखी काय पुरावा हवा? त्या माणसाने माझ्या आईला त्रास दिला होता. आणि आता त्याच्याच शेजारी तिला हार घालून बसवणार होते.

त्या रात्री जेवताना मी आडून विचारलं, "तुला जायचंय का नक्की? दगदग होईल."

"कसली दगदग? रिक्षाने दहा मिनिटं."

"त्यांच्याशी तुझं... म्हणजे बरं होतं ना तेव्हा?"

आईने भाकरीचा तुकडा मोडला. "बरं म्हणजे?" तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच ताटात बघितलं. "चांगले होते ते."

ते ताटात बघणं मी बरोबर टिपलं. ती लपवतेय, माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे जाऊन मी संस्थेच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, आईला बरं नाही, बीपी वाढलंय, डॉक्टरांनी प्रवास आणि दगदग बंद सांगितली, तिला येता येणार नाही. बाई हळहळल्या. "कालच तर इतक्या आनंदाने बोलल्या हो," म्हणाल्या. मी म्हटलं, तब्येतीचं काय सांगता येतं, आणि कृपा करून आईला फोन करू नका, ती हळवी होते. "बरं, मी कळवते सगळ्यांना," बाई म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा मला कुणाला तरी वाचवल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करतो.

पुढचा आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. आईने मोरपंखी साडी काढून इस्त्रीला दिली. ब्लाऊज उसवून घेतला. एक दिवस घरी आलो तर आरशासमोर उभी राहून मालिकेतले संवाद म्हणत होती, चाळीस वर्षांपूर्वीचे, एक शब्द न चुकता. मला बघून गप्प झाली. मी ठरवलं होतं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगायचं की संस्थेनेच कार्यक्रम रद्द केला. तोवर तिचा फोन वाजला की मीच आधी धावून बघायचो. चार्जिंगला लावतो म्हणून मी तो दोन वेळा आमच्या खोलीत नेऊन ठेवला. बायको बघत होती. "काय चाललंय तुमचं?" तिने विचारलं. मी तिच्यावर खेकसलो.

मधल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. मी दार उघडलं. पांढरा पायजमा, टोपी, काखेत पिशवी, हातात काठी. मिशी पांढरी झाली होती, पण मी त्याला ओळखलं. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो.

"वैनी हायेत का?" त्याने विचारलं. "म्या न्हेवाशाकडनं आलो. तब्येत बरी न्हाई म्हनून कळालं. ऱ्हावलं न्हाई."

मी दारातच उभा. बाजूला होईना. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि आतून आईचा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "भाऊ! या की, या!"

पडद्यावरच्या नवऱ्याला ती भाऊ म्हणायची, हे मला तेव्हा कळलं.

तो खुर्चीच्या कडेला बसला. काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पिशवीतून सीताफळं काढून टीपॉयवर ठेवली. मी मुद्दाम दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलो आणि त्याचे पाय बघत राहिलो. पावलं सरळ होती, चपला दाराशी नीट काढून ठेवलेल्या. मला काही सापडेना, म्हणून मी जास्तच चिडलो.

"आता कसं वाटतंय, वैनी?" तो म्हणाला.

"मला काय धाड भरलीय?" आई हसली. "चांगली ठणठणीत आहे."

"आन् बीपी?"

"कसलं बीपी?"

"त्या संस्थेच्या बाईंचा फोन आलता. तुमी आजारी हायात, यायच्या न्हाईत म्हनल्या. पोरानं कळवलंय म्हनून."

बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती, ती तिथेच थांबली. आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा नुसता विझला.

मला पकडला गेल्याची इतकी लाज वाटली की मी ओरडायलाच लागलो. शोकेसची काच सरकवली, फोटो काढला आणि त्या माणसाच्या मांडीवर ठेवला. "हो, मीच कळवलं. आणि का ते तुम्ही सांगा. हा हात बघा. टेकवायची हिंमत का नाही झाली? हिची मूठ बघा. पाय बघा. काय केलं होतं तुम्ही माझ्या आईला?"

"अहो!" बायको म्हणाली.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता सापडला. मग त्याने आईकडे बघितलं. "सांगू का, वैनी?"

आईने मान हलवली, की नुसती खाली घातली, ते मला कळलं नाही.

"फोटोवाला वरडत हुता," तो म्हणाला, "हात ठेवा, खांद्यावर हात ठेवा. वैनी हळूच म्हनल्या, भाऊ, टेकवू नका, ते बघत्यात. मंग काय, म्या तसाच धरला. त्यानं चार फोटू काढले. लई दुखला दंड." तो स्वतःशीच थोडा हसला आणि थांबला.

"ते म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुझे बाबा," आई म्हणाली.

तिने फोटो त्याच्याकडून घेतला आणि फोटोच्या डाव्या कडेच्या बाहेर, टीपॉयच्या काचेवर बोट ठेवलं. "इथे उभे होते. फोटोवाल्याच्या शेजारी. शूटिंग संपलं होतं, मला न्यायला आले होते. मुंबईत मी मावशीकडे राहायचे, तिथून माझी बॅग भरून आणलेली, ती हातात."

"रागावले होते?"

"रागावले नव्हते रे. नुसते उभे होते."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आईचं बोट अजून काचेवरच होतं. "मुठीत चिठ्ठी होती," ती म्हणाली. "पुढच्या मालिकेच्या तारखा लिहून दिल्या होत्या दिग्दर्शकांनी. एसटीत नगरपर्यंत तशीच धरून ठेवली. घामाने शाई पसरली. घरी आल्यावर उघडली तर वाचता येईना."

"तवाबी असाच निरोप आलता," म्हातारा म्हणाला. त्याला वाईट हेतू नव्हता, तो आपला आठवत होता. "बाईंची तब्येत बरी न्हाई, आता यायच्या न्हाईत. लई दिस वाटायचं, कसला आजार झाला आसंल."

आईच्या परतीची ती संध्याकाळ मला आठवते. मी सहा वर्षांचा होतो. बॅग बाबांच्या हातात होती. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, आली तुझी आई, आता कुठे जायची नाही. मी आनंदाने घरभर उड्या मारल्या होत्या.

"मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. आवाज अजून चढलेलाच होता, तो मला खाली आणता येईना.

"तू कधी विचारलंस? तू तर बघून सांगतोस." आता ती तापली आणि तापल्यावर तिची घोडेगावची बोली वर आली. "तुझ्या आज्यानं अर्धंच शिकवलं व्हय तुला? पाय बघ, पाय बघ. ते मालकाला आधी च्याला का धाडायचे, ते न्हाई इचारलंस? मालक म्होरं हुबा आसला की जनावर आपलं उभं ऱ्हात न्हाई, त्याच्या धाकानं उभं ऱ्हातं. आधी त्याला लांब करायचा, मंग बघायचं."

मी मान खाली घातली. घोडेगावच्या बाजारात मी किती शुक्रवार काढले आणि आजोबांच्या चहाचं मला एवढंच कळलं होतं, की ते दिलदार आहेत.

म्हातारा जायला उठला. मी त्याला "काका, जेवून जा" म्हटलं. माझ्या तोंडून पहिल्यांदाच काका निघालं. पण त्याला दुपारची एसटी गाठायची होती. बायको म्हणाली, थांबा, तुमचा एक फोटो तर काढू द्या. तिने आईला खुर्चीत बसवलं, त्याला मागे उभं केलं. तो म्हणाला, "वैनी, आता टेकवू का?" आई म्हणाली, "टेकवा, भाऊ." सगळे हसलो. मी बायकोच्या शेजारी उभा राहून सांगत होतो, आई, इकडे बघ, हस जरा, अजून.

त्याला एसटी स्टँडवर सोडून आलो. संस्थेच्या बाईंना फोन करून सांगितलं की आई आजारी नव्हती, मी खोटं बोललो होतो, ती येणार आहे. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मग मी खोलीत जाऊन बायकोने पाठवलेला फोटो उघडला. रंगीत, स्वच्छ. चेहरे हसरे. त्याचा हात यावेळी खांद्यावर पूर्ण टेकलेला. बरं वाटलं. मग सवयीने बोटांनी फोटो मोठा केला आणि खाली आलो.

आईच्या मांडीवरची मूठ मिटलेली होती. डावा पाय खुर्चीखाली ओढलेला. हसरे डोळे कॅमेऱ्यात नव्हते, जरा डावीकडे होते. तिथे मी उभा होतो.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. दुसरं काही निघतंय का म्हणून शोधलं, प्रकाश, वय, सांधेदुखी. नाही निघालं. बाबा निदान गप्प तरी उभे होते. मी उभा राहून तिला हसायलाही सांगत होतो. मला रडू आलं, आणि ते बाबांसाठी होतं, आईसाठी की माझ्यासाठी, हे खरंच सांगता येणार नाही.

कार्यक्रमाच्या रविवारी मीच तिला आणि बायकोला गाडीतून सभागृहापर्यंत नेलं. पहिल्या रांगेच्या तीन खुर्च्या आमच्यासाठी ठेवल्या होत्या. फाटकाशी आई उतरली. मोरपंखी साडी, केसात गजरा. मी तिच्या हाताकडे बघितलं. पर्सचा पट्टा तिने घट्ट धरला होता.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "मी समोर चहा घेतो."

असं काय करतोस, चल की आत, असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो. खरंच थांबलो, गाडीची किल्ली हातात घेऊन. तिने माझ्याकडे बघितलं. काय ते तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा मऊ झाला. पण आत ये असं ती म्हणाली नाही.

"साखर कमी सांग," ती म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

मी दोन तास समोरच्या टपरीवर बसलो. तीन चहा झाले. मधे एकदा आतून टाळ्या ऐकू आल्या, मग हशा, मग पुन्हा टाळ्या. त्या कुणाला होत्या ते कळायला मार्ग नव्हता.

दोन दिवसांनी ग्रुपवर कुणीतरी त्या कार्यक्रमाचा फोटो टाकला. त्यांना ती माझी आई आहे हे माहीत नव्हतं. त्याखाली जुना छापील फोटोही होता, नुसत्या चेहऱ्यांचा. नव्या फोटोत दोघं मंचावर शेजारी बसलेत. काका काहीतरी सांगतायत आणि आई मागे रेलून, तोंड उघडून हसतेय. दोन्ही पाय पुढे पसरलेले, एक चप्पल निघालेली. उजवा हात मांडीवर उताणा पडलाय, बोटं सगळी सुटी. असा तिचा हात मी आजवर बघितलेला नाही.

खाली लोकांनी मला हाक मारली होती. डॉक्टर, सांगा, बाईंबद्दल काय दिसतं? शेजारच्या खोलीत आई बायकोला त्या दिवसाचं काहीतरी रंगवून सांगत होती. मी लिहिलं, "हा फोटो काढला तेव्हा मी तिथे नव्हतो."